चंद्र कोणत्या गावचा? : कोल्हापूरच्या क्षितिजावरून पंचांगाकडे

कोल्हापुरात शुक्रवार वेशीजवळच्या जैन मंदिरात शिलाहार राजा विजयादित्याचा एक शिलालेख आहे. भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड. एका जिनालयाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. दानपत्रांचे वाचन करताना आपले लक्ष साहजिकच दाता, दानग्रहीता, जमिनीचे माप आणि गावांची नावे यांकडे जाते. या लेखात आम्हांला अधिक बोलकी वाटते ती त्यातील काळाची ओळ. शके १०६५, दुंदुभी संवत्सर, माघ पौर्णिमा, सोमवार, आणि निमित्त चंद्रग्रहणाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कीलहॉर्न या जर्मन संस्कृतज्ञाने हा लेख संपादित केला, तेव्हा त्याने या तपशिलांवरून दिवस काढला तो असा : १ फेब्रुवारी ११४३. त्या दिवशी सोमवार होता, पौर्णिमा होती, आणि चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरला होता.

शकाचा आकडा येथे 'वर्तमान' आहे, म्हणजे चालू वर्ष मोजून धरलेला. आज आपण जे 'गत' शक वापरतो त्याप्रमाणे ते वर्ष १०६४ होईल. आकड्याचा असा घोळ प्राचीन लेखांत नित्याचा आहे. संवत्सर, तिथी, वार आणि ग्रहण हे चार साक्षीदार एकमेकांना न विचारता एकाच दिवसाकडे बोट दाखवतात, तेव्हा मात्र आकड्याविषयीची शंका उरत नाही. राजवंशांच्या वंशावळी, ग्रंथांचे रचनाकाल, कवींच्या हयातीची वर्षे यांतील कितीतरी गोष्टी चंद्राच्या अशाच साक्षीवर उभ्या आहेत. ज्यांच्या साहित्येतिहासाच्या तासाला 'शके अमुक' हे शब्द सतत येतात, त्यांनी तरी हा साक्षीदार कसा बोलतो हे एकदा नीट समजून घ्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रारंभ महिन्याच्या साध्या हिशोबापासून करू. चंद्र दररोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. सरासरी म्हणण्याचे कारण असे की कोल्हापूरच्या अक्षांशावर हा उशीर कधी चाळीस मिनिटांच्या आसपास असतो, तर कधी तासाभराच्या घरात जातो. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो, म्हणून दिसत नाही. शुद्ध द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला थोडा वेळ दिसते. शुद्ध अष्टमीचा चंद्र माध्यान्हीच्या सुमारास उगवलेला असतो, संध्याकाळी माथ्याच्या आसपास असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. पौर्णिमेला सूर्य मावळताना चंद्र उगवतो. वद्य चतुर्थीला त्याची वाट पाहावी लागते. ऋतूनुसार ती साडेआठच्या आसपासपासून सव्वादहापर्यंत लांबते. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास येतो, आणि त्यापुढे पहाटेच्या उजेडात विरत जातो.

कोल्हापूरकरांचे वर्ष या कोष्टकावरच बेतलेले आहे. आश्विन शुद्ध पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या भेटीला जाते. अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते, तेव्हा अर्धा चंद्र पश्चिमेकडे कललेला असतो. जोतिबाची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेची, नृसिंहवाडीची दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेची. दिव्यांची सोय बेताची असलेल्या काळात हजारो माणसे डोंगरवाटेने आणि नदीकाठाने रात्री चालत असत. त्यांना रात्रभर पुरणारा उजेड पौर्णिमाच देऊ शकत होती. धर्मशास्त्राने तिथी सांगितली, एवढ्यानेच यात्रेची रात्र उजळली नसती. 'पुनव' आणि 'अवस' हे शब्द आमच्याकडच्या खेड्यांत व्रतांइतकेच वाटचालीचेही शब्द होते.

येथे साहित्याच्या अभ्यासकांसाठी एक लहानशी सूचना करावीशी वाटते. आपल्या कथाकादंबऱ्यांत चंद्र फार वेळा लेखकाच्या सोयीने उगवतो. वद्य दशमीच्या दिवशी दिवेलागणीला नायक-नायिकेवर चांदणे पडते, किंवा अमावास्या उलटून तीन दिवस झालेले असताना मध्यरात्री माथ्यावर चंद्र असतो. तिथी स्वतः लेखकानेच सांगितलेली असते. जुन्या ओव्या रचणाऱ्या बायकांकडून अशी चूक सहसा होत नाही, कारण जात्यावर बसायची त्यांची वेळ आणि वद्य पक्षातील चंद्राची वेळ एकच होती. ज्या पिढीने चंद्र पाहण्याऐवजी त्याचे वर्णन वाचले, त्या पिढीच्या गद्यात तो वेळापत्रक सोडून उगवू लागला. ही तक्रार क्षुल्लक वाटेल, परंतु वास्तववादाची चर्चा करताना लेखकाने आकाश पाहिले होते की नाही, हाही एक प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आता पंचांगाकडे वळू. आपला लौकिक दिवस मध्यरात्री बदलतो, पंचांगाचा सूर्योदयाला. या एका फरकाने पुष्कळ गोष्टी बदलतात. मध्यरात्रीपासून दिवस मोजला तर प्रत्येक चांद्रमासात वद्य अष्टमीच्या आगेमागे एक दिवस असा येतो की त्या दिवशी चंद्रोदयच होत नाही. आदल्या रात्री बाराच्या थोडा आधी चंद्र उगवलेला असतो आणि पुढचा उदय दुसऱ्या मध्यरात्रीनंतर होतो. पंचांगाच्या सूर्योदयापासूनच्या दिवसात ती रात्र दुभंगत नाही.

तिथी म्हणजे चंद्राने सूर्यापासून बारा अंश पुढे जाण्यास घेतलेला अवधी. चंद्राची गती सारखी नसल्याने हा अवधीही सारखा नसतो. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचे नाव दिवसाला मिळते. एखादी तिथी दोन सूर्योदयांना सापडली की वृद्धी, एकाही सूर्योदयाला सापडली नाही की क्षय. तिथी किती लांबते आणि किती आखडते, याचे जुने सूत्र 'बाणवृद्धी, रसक्षय' असे होते. साठ घटिकांवर पाच घटिका वाढ आणि सहा घटिका घट. म्हणजे जास्तीत जास्त २६ तास, कमीत कमी २१ तास ३६ मिनिटे. प्रत्यक्ष आकाशात मात्र तिथी सुमारे ६७ घटिकांपर्यंत वाढते आणि ५० घटिकांपर्यंत उतरते. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात पंचांगाचा जो मोठा वाद झाला, त्याचे एक मूळ या दोन सूत्रांमधील अंतरात आहे.

महाराष्ट्रातील जुनी पंचांगे प्रामुख्याने गणेश दैवज्ञाच्या ग्रंथांवरून होत. कोकणातील नांदगावच्या या ज्योतिष्याने शके १४४२ मध्ये, म्हणजे इ.स. १५२० मध्ये, 'ग्रहलाघव' रचला आणि ज्याचापांच्या किचकट त्रिकोणमितीला फाटा देऊन ग्रहगणित साध्या गुणाकार-भागाकारावर आणले. तिथीसाठी त्याने 'तिथिचिंतामणी'ची वेगळी कोष्टके दिली. गावोगावच्या जोशांना पंचांग करता येऊ लागले ते या सोपेपणामुळे. तीनशे वर्षांहून अधिक काळ कोल्हापूरसह साऱ्या मराठी मुलखाचे सण-उपवास या गणितावर चालले, ही गोष्ट लहान नव्हे.

मग चूक कोठे होती? चंद्राची मध्यम गती आणि प्रत्यक्ष गती यांत मोठा फरक पाडणारा एक संस्कार जुन्या ग्रंथांत होता. त्याने चंद्र सुमारे पाच अंश पुढेमागे होई. परंतु सूर्याच्या आकर्षणामुळे चंद्राच्या गतीत आणखीही मोठे हेलकावे येतात. त्यांपैकी पहिला सव्वा अंशाहून थोडा अधिक, दुसरा सुमारे चाळीस कलांचा. या हेलकाव्यांचा स्वभाव असा की पौर्णिमेला आणि अमावास्येला त्यांचा परिणाम पहिल्या संस्कारातच मिसळून जातो, तर अष्टमीच्या सुमारास तो उघडा पडतो. परिणामी ग्रहणे बहुतांशी बरोबर येत आणि अष्टमीची वेळ मात्र काही तासांनी चुके.

यातील गंमत आणि खिन्नता दोन्ही लक्षात घेण्याजोगी आहेत. ग्रहण लागले की नाही हे रस्त्यावरच्या माणसालाही दिसते, म्हणून परंपरेने आपले गणित तेथे कसोशीने राखले. अष्टमी कधी संपली हे डोळ्यांनी कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तेथील चूक शतकानुशतके कोणाला खुपली नाही. ज्या जागी पडताळा होता त्या जागी शास्त्र जिवंत राहिले आणि ज्या जागी पडताळा नव्हता तेथे त्याचे पाठांतर झाले. ग्रंथपरंपरेचा अभ्यास करणाऱ्यांना हे वाक्य ज्योतिषाबाहेरही लागू करता येईल. ओडिशातील चंद्रशेखर सामंत यांनी याच शतकात स्वतः केलेल्या साध्या उपकरणांनी आकाश पाहून हे हेलकावे ओळखले, यावरून परंपरेच्या आतूनही डोळे उघडे ठेवता येत होते, असे दिसते.

महाराष्ट्रात सुधारणेचा आरंभ केरो लक्ष्मण छत्रे यांनी केला. 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा त्यांचा ग्रंथ १८६० चा. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने त्यांचे पंचांग निघू लागले आणि ते 'पटवर्धनी' म्हणून ओळखले गेले. पुढे लोकमान्य टिळकांनी या सुधारणेचा पुरस्कार केला. बागलकोटला राहून काम करणाऱ्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी 'ज्योतिर्गणितम्' हा ग्रंथ रचून सूक्ष्म गणिताची साधने संस्कृतात आणली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाचा ग्रंथ १८९६ चा. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी केलेले भारतीय कालगणनेवरचे इंग्रजी पुस्तकही निघाले. शिलालेखांच्या तारखा ताडून पाहण्यास अभ्यासकांना त्याचा फार आधार मिळाला. दीक्षित त्यानंतर दोनच वर्षांत वारले. मराठीत लिहिलेल्या शास्त्रीय इतिहासग्रंथांत त्यांच्या ग्रंथाइतका प्रामाणिक आणि धीराचा ग्रंथ क्वचितच सापडेल. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो निदान गद्याचा नमुना म्हणून वाचावा, असे आम्हांला मनापासून वाटते.

या वादात दोन निरनिराळे प्रश्न एकत्र मिसळले गेले. एक चंद्र प्रत्यक्ष कोठे आहे याचा. दुसरा राशिचक्राचा आरंभ कोठे धरावा, म्हणजे अयनांशाचा. तिथी ही चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतरावर अवलंबून असल्याने आरंभबिंदू कोठेही धरला तरी ती बदलत नाही. राशी, संक्रांती आणि अधिक मास मात्र बदलतात. म्हणून दुसऱ्या प्रश्नावर पटवर्धनी आणि केतकी पक्ष कितीही भांडले, तरी चतुर्थी कधी लागते याविषयी त्यांच्यात मतभेद असण्याचे कारण नव्हते. तेथे खरा सामना ग्रंथ आणि आकाश यांच्यात होता, आणि तो आकाशाने जिंकला. आज बाजारात मिळणारी बहुतेक मराठी पंचांगे दृक्प्रत्ययी आहेत.

परंतु आकाशाचा विजय झाल्यावर एक नवाच प्रश्न पुढे आला : आकाश कोणाचे? १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, ती ८२½ अंश पूर्व रेखांशाची. कोल्हापूर ७४° १४′ वर आहे. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा कोल्हापूरच्या स्वतःच्या मध्यम वेळेप्रमाणे ११ वाजून २७ मिनिटे झालेली असतात. मुंबईने आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत जपली. लहान शहरांनी निमूटपणे घड्याळाचे काटे फिरवले. १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आली, तिचे गणितही त्याच रेखांशावरच्या एका कल्पित मध्यवर्ती स्थळासाठी मांडलेले आहे. साऱ्या देशासाठी एकच क्षितिज! प्रशासनाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण चंद्र उगवतो तो प्रत्येक गावच्या क्षितिजावर.

संकष्टीच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. नियम असा की चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असेल तो दिवस उपवासाचा. तिथी लागण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो, चंद्रोदयाचा क्षण मात्र गावोगाव वेगळा. कोल्हापूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे १.४ अंश असल्याने चंद्र येथे साडेपाच मिनिटे आधी उगवायला हवा. परंतु मुंबई उत्तरेलाही आहे. चंद्र उत्तर क्रांतीवर असताना उत्तरेकडच्या गावी तो लवकर उगवतो, त्यामुळे थंडीच्या तोंडाशी येणाऱ्या संकष्ट्यांना दोन्ही शहरांतील चंद्रोदय जवळजवळ एकाच वेळी होतो. पावसाळ्याच्या तोंडाशी, चंद्र दक्षिणेला असताना, हेच अंतर दहा मिनिटांपर्यंत जाते. नागपुरात तर रेखांशामुळेच चंद्र सुमारे वीस मिनिटे आधी येतो. त्या वीस मिनिटांत तृतीया संपून चतुर्थी लागली, तर एकाच राज्यातील दोन शहरांत उपवासाचे दिवस वेगळे पडू शकतात. अमेरिकेतील मराठी घरांत हा प्रश्न वारंवार उभा राहतो, आणि भारतातल्या कॅलेंडरवरील तारीख तेथे जशीच्या तशी चालत नाही हे ध्यानात येते.

१९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' सुरू केले आणि पंचांग जोशाच्या पोतडीतून स्वयंपाकघराच्या भिंतीवर आले. त्यामुळे स्त्रियांच्या हाती तिथीचे ज्ञान आले, ही त्या घटनेची थोर बाजू. दुसरी बाजू अशी की छापील मिनिट प्रमाण ठरले. ढगांमुळे चंद्र दिसत नसेल तर कॅलेंडरातील वेळ पाहून नैवेद्य दाखवणे समजण्यासारखे आहे. पण टेंबलाईच्या टेकडीआडून चंद्र वर यायचा असताना 'उगवला असेल' म्हणून पान वाढले जाते, तेव्हा आपण नकळत ग्रंथप्रामाण्याकडेच परत गेलेलो असतो. फरक इतकाच की आता ग्रंथ अचूक आहे.

हाच विचार मनात ठेवून आम्ही खिद्रापूरच्या कोपेश्वराकडे पाहतो. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी असलेले हे बाराव्या शतकातील शिलाहारकालीन मंदिर सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या स्वर्गमंडपाला मध्यभागी छत नाही. सुमारे तेरा फूट व्यासाचे वर्तुळ आकाशाला मोकळे सोडलेले असून त्याच्या बरोबर खाली वर्तुळाकार रंगशिला आहे. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र या वर्तुळावर येतो आणि शिळा उजळते. ते पाहण्यास अलीकडे मोठी गर्दी होते. शिल्पकारांनी नेमकी हीच रात्र साधण्यासाठी मंडप बांधला, असेही ठामपणे सांगितले जाते.

गणित काय सांगते? खिद्रापूरचा अक्षांश कोल्हापूरइतकाच, सुमारे १६.७ अंश उत्तर. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. कार्तिक पौर्णिमा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून महिनाअखेरीपर्यंत केव्हाही येते. त्या काळात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेपंधरा ते साडेएकवीस अंशांवर असतो, म्हणजे चंद्र साधारण तितकाच उत्तरेला. म्हणून तो या अक्षांशावर माथ्याजवळून जातो, आणि प्रमाणवेळेमुळे तो क्षण बाराच्या ठोक्याऐवजी बहुधा सव्वाबाराच्या आगेमागे येतो. चंद्राची कक्षा सूर्यमार्गाशी पाच अंश कललेली असल्याने दरवर्षी थोडा फरक पडतो. ५ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री चंद्र खिद्रापूरच्या माथ्यापासून सुमारे चार अंश उत्तरेकडून गेला. चार अंश म्हणजे चंद्राच्या आठ बिंबांइतके अंतर. दर दहा फूट उंचीमागे प्रकाशाचे वर्तुळ जेमतेम नऊ इंच सरकते. शिळा उजळतेच.

मात्र हे वैभव एकट्या कार्तिकीचे नाही. माघात सूर्य परतीच्या वाटेवर पुन्हा त्याच पट्ट्यात येतो, आणि माघी पौर्णिमेचा चंद्रही माथ्याजवळून जातो. आपले वर्ष नाक्षत्र असल्याने ते ऋतूंच्या मानाने सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. बाराव्या शतकात या पौर्णिमा ऋतूंच्या हिशोबाने बारा-एक दिवस आधी येत. तो फरक धरला तर मंदिर उभारले गेले त्या काळी सरासरीने माघी पौर्णिमाच कार्तिकीपेक्षा माथ्याच्या थोडी अधिक जवळ होती. शिवाय प्रत्येक चांद्रमासात दोन वेळा, कोणत्या ना कोणत्या कलेत, चंद्र या अक्षांशाच्या माथ्यावरून जातोच. तेव्हा शिल्पकारांनी एक विशिष्ट रात्र साधली असे म्हणण्यास आधार दिसत नाही. आकाशाला वाट मोकळी ठेवली की या भूमीवर चंद्र आपोआप डोक्यावर येतो, एवढे त्यांना नक्कीच ठाऊक असणार, कारण ते चंद्र पाहणाऱ्या काळातले लोक होते.

असे म्हटल्याने खिद्रापूरचे सौंदर्य उणावते असे आम्हांला वाटत नाही. चमत्कार म्हणून सांगितलेली गोष्ट एका रात्रीपुरती असते; गणिताने समजलेली गोष्ट वर्षभर पुरते. गर्दी टाळून माघी पौर्णिमेला तेथे जाता येईल, आणि तेव्हा आपण एका जुन्या साक्षीदाराला भेटत असू.

कारण लेखाच्या आरंभीचा तो सोमवार माघी पौर्णिमेचाच होता. आजच्या कालगणनेत ती तारीख ८ फेब्रुवारी होते. सूर्य त्या वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे पंधरा अंशांवर होता. ग्रहणाचा चंद्र सूर्याच्या अगदी समोर असावाच लागतो. म्हणजे विजयादित्याने दान दिले त्या रात्री तो चंद्र कोल्हापूरच्या माथ्यापासून तीन अंशांच्या आतून गेला असला पाहिजे. शिलालेखात हे लिहिलेले नाही, आणि लिहिण्याची गरजही नव्हती. तो लेख कोरणाऱ्यांनी मान वर करून पाहिले असेल, हे आपल्याला आज नऊशे वर्षांनी, कागदावर, काढता येते. मान वर करण्याचे काम मात्र ज्याने त्याने आपल्या गावी करावयाचे आहे.